तोफखानाबाईंचं बाकडं

देवळालीच्या तोफा आणि आमच्या तोफखानाबाई यांच्यात फरक एवढाच, की तोफा डागण्याआधी लष्कर आसपासच्या गावांना आगाऊ सूचना देतं. बाईंच्या बाबतीत ती सोय नव्हती. आपण आपले निष्पाप मनानं कॉलेजचा जिना चढत असायचो आणि वरून डस्टर यायचं. डस्टर चुकवलं तर मागून एखादा जाडजूड बांधीव खंड यायचा. तोही चुकवला, तर बाई स्वतः यायच्या. मी भूगोलाचा मास्तर, त्यांच्या शेजारच्याच खोलीत शिकवायचो. माझ्या टेबलावरच्या पृथ्वीगोलाचा आस मुळात सरळ होता, बाईंनी पलीकडून भिंतीवर हाणलेल्या बुक्कीनं तो कलला, असं मी मुलांना सांगत असे. काहींनी ते परीक्षेत लिहिलं. मी मार्क दिले.

बाई मखमलाबादकडच्या फूलमळ्यातल्या माळ्याची थोरली लेक. लहानपणापासून झेंडूच्या पाट्या डोक्यावर आणि गुलाबाचे काटे हातात, त्यामुळे मान खांबासारखी आणि तळहात खोऱ्यासारखे. उंचीनं माझ्या खांद्याला लागायच्या, पण दारातून आत येताना दाराला विचार करावा लागायचा. कॉलेजात त्यांच्याशी हस्तांदोलन करायची कुणाची छाती नव्हती. सगळे लांबून नमस्कार करायचे, आणि तोही एक हात मोकळा ठेवून. लग्न केलं नाही. बघायला आलेल्या एकानं विचारलं, "स्वयंपाक येतो का?" तो आजही लंगडतो, असं मळ्यातले लोक सांगतात. या बाईंनी पुढे एका भांडणात स्वतःची नोकरी घालवली आणि सुरगाण्याच्या एका माणसाची नागली वाचवली. ते भांडण मी डोळ्यांनी पाहिलं. एक डोळा तेव्हा सुजलेला होता, पण पाहिलं.

शिकवायच्या संख्याशास्त्र, पण त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. कोणत्या देशाचं डोकं कुठं झुकतं, हे त्यांना मोजायचं होतं. म्हणजे असं, की जगात शास्त्रज्ञ सगळीकडे आहेत, शोधनिबंध सगळेच छापतात, पण एक देश औषधांच्या मागे, दुसरा धातूंच्या मागे, तिसरा मेंढ्या आणि मातीच्या मागे. हे कुणी ठरवून करतं का? गरिबीमुळे होतं का? लढायांमुळे? "देश म्हणजे काय रे भूगोल," त्या मला विचारायच्या. मला त्यांनी नावानं कधीच हाक मारली नाही. मी म्हणालो, "नकाशावरची सीमा, बाई." पाठीत असा दणका बसला, की आतला घास बाहेर आला. "सीमा नव्हे. सवय! कुणाला कशाची सवय लागली, ते म्हणजे देश." या कलाला त्यांनी नाव दिलं होतं 'झुकाव', आणि तो शब्द त्या उच्चारायच्या तेव्हा खिडकीच्या काचा खरोखर थोड्या झुकायच्या.

मोजणीची रीत सगळ्या जगात फक्त आमच्या कॉलेजात होती. जगभरातल्या निबंधांचे सारांश छापलेले अगडबंब खंड रेल्वे पार्सलनं नाशिकरोडला यायचे. आम्ही चार-सहा मास्तर, बाईंच्या धाकानं जमलेले, ते घेऊन बसायचो. समोर मळ्यातून आणलेल्या फुलांच्या पाट्या, एकेका देशाची एकेक. एक निबंध सापडला की लेखकाचा पत्ता बघायचा आणि त्या देशाच्या पाटीत एक चिंचोका टाकायचा. रसायनाचा असेल तर लाल रंगवलेला, वैद्यकाचा पांढरा, शेतीचा हिरवा. शेवटी मोजत बसायचं नाही, फुलं तोलायच्या काट्यावर तोलायचं. "चिंचोके लहानमोठे असतात, बाई," असं एका हुशार विद्यार्थ्यानं एकदा म्हटलं. बाईंनी त्याच्या हातात चाळणी दिली. तो पुढे वर्षभर सारख्या आकाराचे चिंचोके चाळत बसला आणि शेवटी बँकेत लागला.

आता पंचाईत अशी, की काही निबंध दोन देशांच्या माणसांनी मिळून लिहिलेले असत. तो चिंचोका कुणाचा? जपान्याचा की जर्मनाचा? इतर लोक अशा वेळी दोघांनाही एकेक देऊन टाकतात. बाईंना ते पटायचं नाही. "एकाच म्हशीचं दूध दोन घरांत पूर्ण मोजणार काय रे?" त्या अडकित्ता घ्यायच्या आणि चिंचोका कडकन फोडायच्या. अर्धा या पाटीत, अर्धा त्या. तीन-चार देशांचा निबंध आला की हातोडी निघायची. खोलीत चिंचोक्यांच्या ठिकऱ्या गोळ्यांसारख्या उडायच्या. आम्ही पाट्यांच्या आड खंदकात लपल्यासारखे बसायचो. प्राचार्य एकदा चौकशीला डोकावले आणि स्वित्झर्लंडचा पाव चिंचोका त्यांच्या भुवईवर बसला. त्यानंतर ते आमच्या मजल्यावर चष्म्यावर दुसरा चष्मा लावून यायचे.

खंडांचा आणखी एक उपयोग होता. रसायनाचा खंड सगळ्यांत जाड, तो गुंडांसाठी. निवडणुकीच्या दिवसांत हॉकी स्टिका घेऊन पोरं वर्गात घुसली, तेव्हा बाईंनी दारात उभं राहून तो दोन्ही हातांनी फिरवला. पहिल्याचे दात गेले, दुसऱ्याची स्टिक गेली, तिसरा पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून स्वतःहून गेला. वैद्यकाचा खंड मध्यम, तो विद्यार्थ्यांसाठी. गणिताचा सडपातळ, तो प्राचार्यांसाठी राखीव, कारण त्यांना रक्तदाब होता.

मुंबईहून एक मोठे पाहुणे व्याख्यानाला आले होते. नव्वद सालच्या पुढेमागे असेल. ओव्हरहेड प्रोजेक्टर लावून त्यांनी भिंतीवर एकामागून एक याद्या दाखवल्या. वैद्यकात अमेरिका पहिली. रसायनात अमेरिका पहिली. शेतीत अमेरिका पहिली. "थोडक्यात," पाहुणे हसून म्हणाले, "अमेरिका सगळ्यातच विशेष." मागच्या रांगेतून बाई उठल्या. त्या चालत आल्या तेव्हा मधल्या खुर्च्यांनी वाट दिली, आणि ज्यांनी दिली नाही त्या मोडल्या. पहिला फटका प्रोजेक्टरला बसला, काच फुटून दिवा विझला. मग त्यांनी पाहुण्यांची कॉलर धरून त्यांना भिंतीला टेकवलं, पाय जमिनीपासून वीतभर वर.

"मार्केट यार्डात गेलात कधी?"

"न… नाही."

"बड्या व्यापाऱ्याकडं सगळंच जास्त असतं. कांदा जास्त, टोमॅटो जास्त, दोडका जास्त. म्हणून तो कांदेवाला झाला? सटाण्याहून एकच ट्रक येतो. फाळका पाडला की आत कांदाच कांदा! कांदेवाला कोण?"

"सटाणा," पाहुणे गुदमरत म्हणाले.

"मग भागा! त्या देशाच्या कामात रसायनाचा वाटा किती, तो घ्या. जगाच्या कामात रसायनाचा वाटा किती, तो घ्या. पहिल्याला दुसऱ्यानं भागा. एक आला, तर देश जगासारखाच. एकाच्या वर गेला तर झुकला. खाली आला तर त्यानं पाठ फिरवली. कळलं?"

पाहुण्यांना कळलं. त्यांनी खाली उतरल्यावर तेच गणित पुन्हा म्हणून दाखवलं. पुढे आयुष्यभर त्यांनी हाच विषय शिकवला म्हणतात, फक्त शिकवताना पाठ कायम भिंतीला लावून.

सोव्हिएत रशिया फुटला तो दिवस मला चांगला आठवतो. आमच्याकडे रशियाची पाटी भली दांडगी होती, पदार्थविज्ञान आणि रसायन यांनी शिगोशीग भरलेली, आणि वैद्यकाचे पांढरे चिंचोके तिच्यात अगदी विरळ. बाईंना त्या पाटीचा अभिमान होता. "याला म्हणतात झुकाव," त्या तिच्यावर थाप मारून सांगायच्या. सकाळी पेपर आला. बाईंनी तो वाचला, पाटी डोक्यावर उचलली आणि जमिनीवर आदळली. चिंचोके जिन्यानं खाली, प्राचार्यांच्या खोलीत, कँटीनच्या भज्यांत गेले. "घ्या!" बाई गरजल्या. "आता कोण युक्रेनचा, कोण रशियाचा, पत्ते वाचून वेचा." आम्ही पुढे किती दिवस गुडघ्यांवर रांगत होतो, ते सांगत नाही. पण माझ्या पँटला आजही सोव्हिएत सुरकुती आहे.

मग संगणक आला. आता चिंचोके गेले, अडकित्ता गेला, आम्हाला वाटलं सुटलो. संगणकात सगळं भरलं, बटण दाबलं आणि यादी आली. समुद्रशास्त्रात जगात सर्वांत झुकलेला देश कोणता? चहूबाजूंनी डोंगर असलेला, समुद्र फक्त चित्रात पाहिलेला एक इवलासा देश! मी भूगोलाचा माणूस, मी टाळ्या वाजवल्या. बाईंनी आधी माझ्या कानशिलात दिली, मग संगणकाच्या. माझा कान वाजत राहिला, संगणकाचा पडदा काळा झाला.

"अरे, एक म्हातारी एकच पाटी घेऊन बाजारात आली. त्यात चार जुड्या, चारही मेथीच्या. म्हणून काय ती मेथीची महाराणी? उद्या शेपू आणेल, तेव्हा शेपूची? जिचं सामानच मूठभर, तिचा झुकाव वाऱ्यानंही हलतो. आधी पाटी किती मोठी ते बघायचं, मग झुकाव."

ते वाक्य मी पुढे कुठल्याही यादीसमोर विसरलो नाही. विसरावंसं वाटलं तरी कान आठवण करून द्यायचा.

पण बाईंचं सगळ्यांत लाडकं वाक्य दुसरंच होतं. "झुकाव म्हणजे लायकी नव्हे." हे त्या वर्गात टेबलावर मुठी आपटत म्हणायच्या, आणि दर वर्षी कॉलेजला नवं टेबल घ्यावं लागायचं. एखादा देश शेतीकडे झुकला म्हणजे तो शेतीत शहाणा असं नाही, आणि वैद्यकाकडे पाठ फिरवली म्हणजे त्याचे डॉक्टर मठ्ठ असंही नाही. झुकाव फक्त इतकंच सांगतो की वजन कुठं पडलंय. "काटा सांगतो किती भरलं," त्या म्हणायच्या, "फूल वासाचं आहे का, ते काट्याला विचारलं तर काटा मोडेन." त्यांनी तसा एक मोडलाही होता.

आता नागली. नागली म्हणजे आमच्याकडचा वनस्पतिशास्त्राचा एकुलता एक संशोधक. सुरगाण्याच्या डोंगरातल्या पाड्यावरचा. बाईंनी त्याला पहिल्याच दिवशी हे नाव ठेवलं, कारण तो दुसरं काही बोलायचाच नाही. पाड्यापाड्यांवरून नागलीची, म्हणजे नाचणीची, जुनी बियाणी गोळा करायची, कॉलेजच्या मागच्या तुकड्यात पेरायची, कोणती करपा रोगापुढे टिकते ते बघायचं आणि टिकलेलं बी पुन्हा डोंगरात पाठवायचं. एकच खोली, एकच माणूस, मडक्यांची रांग. त्यातली काही बियाणी मूळ पाड्यांवरूनही नाहीशी झालेली होती. ती आता जगात फक्त त्या खोलीतल्या मडक्यांत होती. पावसाच्या तोंडाशी डोंगरातून बाया जीपनं यायच्या, पदरात बी बांधून न्यायच्या. बाई त्याला इतरांपेक्षा कमी मारायच्या. म्हणजे रोज नाही.

दोन हजार सालानंतर काय झालं, की द्राक्षं परदेशी जाऊ लागली आणि त्यांच्यावरच्या औषधांचे अंश तपासायची धूम उठली. आमच्या रसायन विभागाला सोन्याचे दिवस आले. नवी यंत्रं, नवी पोरं, निबंधांचा धबधबा. संस्थेचे अध्यक्ष होते भाऊसाहेब, रस्त्यांचे कंत्राटदार. माणूस वाईट नव्हता, पण त्याला कोष्टकांचं फार वेड. त्यानं कुठूनतरी बाईंची रीत ऐकली आणि ती आमच्याच विभागांना लावली. देशाच्या जागी कॉलेज, जगाच्या जागी विद्यापीठ. रसायनाचा झुकाव एकाच्या खूप वर. वनस्पतिशास्त्राचा एकाच्या खाली, आणि तोही पूर्वी वर असलेला. ठराव तयार झाला: नागलीची खोली बंद, मागचा तुकडा बंद, माणूस कारकुनीत, आणि जागा रसायनाला.

भाऊसाहेब स्वतः कागद घेऊन बाईंकडे आले. "बाई, अभिनंदन! ही तुमचीच मोजपट्टी हो. आमच्या कामाला आली."

बाईंनी कागद वाचला. आम्ही सगळे टेबलांखाली गेलो. काहीच झालं नाही. ना डस्टर, ना खंड. बाई नुसत्या बसून राहिल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांची भीती वाटली. नागली दारात उभा होता.

"बाई," तो म्हणाला, "माझं काय चुकलं? मी तर होता तितकाच हाय. पेपर पण तितकेच निघत्यात."

"तितकेच?"

"तितकेच, बाई. एक कमी नाय. मडकी फेकली तर ते बी कुठूनच परत येनार नाय."

बाई उठल्या. त्यांनी त्याच्या मुस्काटात एक ठेवून दिली, पण हळू. "होता तितकाच आहेस ना? मग रडतोस कशाला? बैठक कधी आहे?"

"उद्या."

दुसऱ्या दिवशी बैठकीच्या खोलीत शिरलो तर खुर्च्या नव्हत्या. खिडकीतून खाली पाहिलं. सगळ्या खुर्च्या गुलमोहराखाली मोडून पडल्या होत्या आणि शिपाई त्यांचे पाय गोळा करत होता. खोलीच्या मध्ये व्हरांड्यातलं एकच लाकडी बाकडं, एक टोक भिंतीला लावलेलं. बाई शेजारी उभ्या. त्यांनी पदर खोचलेला होता. मला आदल्या दिवशी वाटेत उभा राहिल्याबद्दल डोळ्याजवळ लागलेलं होतं, म्हणून मी दुसऱ्या डोळ्यानं बघत दाराशी राहिलो.

"बसा," बाई म्हणाल्या.

त्या आवाजाला नाही म्हणणारा माणूस नाशिक जिल्ह्यात जन्मला नव्हता. भिंतीकडे नागली बसला, मग प्राचार्य, मग रसायनाचे प्रमुख, आणि मोकळ्या टोकाला भाऊसाहेब, ऐसपैस मांडी पसरून.

"भाऊसाहेब, नीट बसलात?"

"बसलो की. पण खुर्च्या…"

"हे बाकडं म्हणजे आपल्या कॉलेजचं सगळं काम. शंभर टक्के. लांबी ठरलेली, एक इंच वाढणार नाही. आलं लक्षात? आता रसायन वाढलं."

असं म्हणून बाई रसायनाचे प्रमुख आणि भाऊसाहेब यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत बसल्या. बसल्या म्हणजे काय, पाचर ठोकावी तशा शिरल्या. प्रमुखांचा श्वास बाहेर गेला तो परत आलाच नाही, असं मला वाटलं. प्राचार्यांनी दोन्ही चष्मे काढून खिशात ठेवले.

"भाऊसाहेब, तुम्ही बारीक झालात का?"

"नाही हो."

"काम कमी केलंत?"

"नाही! बाई, जरा सरका तिकडं."

"तिकडं भिंत आहे. रसायन आणखी वाढलं." बाईंनी कंबर सरकवली. भाऊसाहेबांची निम्मी बैठक बाकड्याबाहेर गेली. त्यांनी बाकड्याची कड दोन्ही हातांनी धरली. बोटं पांढरी पडली.

"मग तुमची जागा का कमी झाली?"

"तुम्ही ढकलताय म्हणून! बाई, पडेन मी!"

"तुम्ही होतात तितकेच आहात ना, भाऊसाहेब?"

"तितकाच आहे! देवाशपथ तितकाच आहे!"

"मोठ्यानं सांगा!"

"तितकाच आहे!" भाऊसाहेब ओरडले. तेवढ्यात देवळालीकडे तोफ धडाडली की बाईंनी शेवटचा धक्का मारला, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. पण भाऊसाहेब हवेत गेले. बैठकीची खोली त्यांनी आडवी ओलांडली आणि समोरच्या भिंतीवर आदळून खाली आले. खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं. त्याचा आवाज सुक्या फांदीसारखा झाला, आणि या एका गोष्टीत मी अजिबात वाढवून सांगत नाही.

बाई त्यांच्यापाशी गेल्या, वाकल्या आणि अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमचा झुकाव एकाच्या खाली आला. बंद करू का तुम्हाला?"

भाऊसाहेबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते भिंतीच्या कडेला बसलेल्या नागलीकडे बघत होते. नागलीनं बाकडं अजून घट्ट धरलं होतं. "पण जागा नाही हो बाई," भाऊसाहेब कण्हत म्हणाले. "इमारत एवढीच आहे. रसायन ठेवू कुठं?"

"मग बाकडं लांब करा. माणसं कशाला पाडता?"

हॉस्पिटलातून तडजोड झाली. भाऊसाहेब पोलिसांत जाणार नाहीत, बाईंनी राजीनामा द्यायचा. बाई म्हणाल्या, नागलीची खोली राहील तरच. भाऊसाहेबांनी गळ्यात अडकवलेला हात सांभाळत सही केली. निरोप घेऊन मीच गेलो होतो. "बाईंना सांगा," ते मला म्हणाले, "गणित कळलं. हाड मोडल्यावर कळलं. पण हाड मोडलं ते मोडलंच, त्यामुळे त्यांना जावं लागणार." मी हे जसंच्या तसं सांगितलं. बाई हसल्या. "बरोबर आहे त्याचं," म्हणाल्या. "मी मोजपट्टी केली, आणि वापरायला कुणाला शिकवली नाही. एवढी वर्षं नुसती मारतच राहिले." आणि त्यांनी मला मारलं.

रसायनासाठी भाऊसाहेबांनी स्वतःच्या सिमेंटनं मागच्या बाजूला दोन खोल्या बांधल्या. बाकडं नागलीनं मागून घेतलं. त्यानं सुताराकडून त्याला एक फळी जोडून घेतली, आणि डोंगरातून बी न्यायला येणाऱ्या बाया त्यावर बसायला लागल्या. बाई मखमलाबादच्या मळ्यात परतल्या. तिथं त्यांनी फूलबाजारातल्या दलालांना शिस्त लावली. कोणतं गाव झेंडूकडे झुकतंय आणि कोणतं गुलाबाकडे, हे त्या कुणी न विचारता सांगायच्या, आणि कुणी 'असं कसं?' म्हटलं तर काट्याचा दांडा काढायच्या. मी अधूनमधून जायचो. ओट्यावर टेकलो की "सरक" म्हणायच्या, आणि मी घाबरून थेट उभाच राहायचो. "बस रे भूगोल. इथं जागेचा तुटवडा नाही."

बाई गेल्या त्या झेंडूच्या तोडणीच्या दिवसांत, वाफ्यातच, हातात विळा असताना. मला कळलं तेव्हा मी माझ्या सुजून बऱ्या झालेल्या सगळ्या जागा चाचपून पाहिल्या. मळ्यात पोहोचलो तर जत्रा जमलेली. वाकड्या कानांचे विद्यार्थी, दात बसवलेला तो हॉकीवाला, आता नगरसेवक झालेला, काट्याच्या दांड्याचे वळ मिरवणारे दलाल. मुंबईचे पाहुणे भिंतीला पाठ लावून उभे. आणि तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा मारामारी सुरू झाली.

खांदा कुणी द्यायचा? बाईंना मुलं नव्हती, आणि ज्याला ज्याला त्यांनी मारलं होतं तो प्रत्येक जण हक्क सांगत होता. दोन दलालांनी एकमेकांच्या गचांड्या धरल्या. नगरसेवकानं प्राचार्यांना कोपर मारलं, आणि रक्तदाब असलेल्या त्या माणसानं त्याला उलट लाथ घातली. बाईंचा भाऊ मध्ये पडला तर त्याचा शर्ट फाटला. "मला जास्त मारलंय!" "मला आधी मारलंय!" असा गलका. भाऊसाहेब आले होते, वाकडी हासळी घेऊन. ते पुढे सरकले, गर्दीनं त्यांना ढकललं, ते चिखलात पडले. कुणीतरी त्यांच्या हातावरून गेलं.

तेवढ्यात जीपचा हॉर्न वाजला. सुरगाण्याची जीप, आत बाया भरलेल्या, आणि टपावर बांबू. असे बांबू मी जन्मात पाहिले नव्हते. जीपच्या पुढे आणि मागे मिळून आणखी एक जीप मावेल एवढे लांब. वरून नागली उतरला. दोन सणसणीत शिव्या देऊन त्यानं दलालांना बाजूला केलं आणि तिरडीचे आधीचे बांबू सोडायला लागला.

"अरे काय करतोस?" बाईंचा भाऊ ओरडला.

"लांब करतो," नागली म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. "दुसरं काय करनार? मानसं कशाला पाडायची?"

मारामारी थांबली. लांब बांबूंवर बाईंना पुन्हा बांधलं. मधोमध बाई, आणि पुढेमागे एवढी मोकळी जागा, की दलाल, मास्तर, नगरसेवक, पाहुणे, डोंगरातल्या बाया, सगळ्यांना खांदा लावता आला. पुढचं टोक गोदावरीच्या घाटावर पोहोचलं तेव्हा मागचं मळ्याच्या फाटकातून निघत होतं. खोटं वाटत असेल तर नागलीला विचारा.

मी पार मागच्या टोकाला होतो. माझ्यापुढे चिखलानं माखलेले भाऊसाहेब होते. बांबू त्यांनी मोडलेल्या बाजूच्याच खांद्यावर घेतला होता, आणि प्रत्येक पावलाला त्यांच्या तोंडून आवाज निघत होता.

"भाऊसाहेब, तुम्हाला दुखतंय," मी म्हणालो. "तुम्ही बाजूला व्हा, मी घेतो पुढं."

"नाही होत," दात आवळून ते म्हणाले. "जागा आहे."